जामीनदार

सुकदेव आप्पा मराठीत सही करतात,
'सु'चा उकार खाली लांब ओढलेला,
पेटीवर वही धरून हलत्या एसटीत लिहायची सवय
बँकेच्या स्थिर टेबलावरही सुटली नव्हती.
मॅनेजरनं आकडा अक्षरी वाचला:
रुपये सहा लाख चाळीस हजार फक्त.
त्या 'फक्त'वर भाऊ खाली बघायला लागले.
आप्पांनी एवढंच विचारलं, "सही कोठे करानी?"

भाऊंचं झेरॉक्सचं दुकान, धुळ्यात कोर्टासमोर.
माझ्या कर्जाच्या कागदांचे तीन संच त्यांनी स्वतः काढले,
टोनर संपत आला होता,
तिसऱ्या संचात माझा चेहरा राखाडी.
मूळ कागद कॉलेजच्या कपाटात आहेत,
शेवटच्या वर्षाची फी अजून बाकी आहे,
स्कॉलरशिप 'प्रक्रियेत' आहे.
आमच्या घरात सगळ्याच्या प्रती आहेत.
मूळ काही नाही.

डेव्हलपमेंट फी दरवर्षी अकरा हजार.
चार वर्षांत डेव्हलप झालं ते गेट.
पहिल्या वर्षी लोखंडी होतं,
मी पास झालो तेव्हा त्यावर कमान आली होती
आणि कमानीवर हत्ती.

मोरॅटोरियम म्हणजे काय, आप्पांनी एकदा विचारलं होतं.
म्हटलं, तोवर हप्ता नाही. थांबा.
"विनंती थांबा?"
हो, तसंच काहीसं.
खरं सांगायचं तर
गाडी उभी होती आणि भाडं चालू होतं,
पण ते मलाही तेव्हा कुठं कळलं होतं.

आता मी लळिंगच्या टोलनाक्यावर, लेन नंबर चार.
यंत्र अभियांत्रिकी, प्रथम श्रेणी.
बूम वर जातो, खाली येतो,
त्याचं गिअर मी कागदावर काढून दाखवू शकतो,
कुणी विचारलं तर.
दुपारी डांबर पातळ दिसतं,
ट्रकवाले घामट नोटा पुढे करतात,
आणि दर थोड्या वेळानं स्क्रीनवर लाल अक्षरं:
शिल्लक अपुरी.
मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात.
मी खिडकीतून म्हणतो, बाजूला घ्या साहेब, रोख भरा.
मला हे वाक्य चांगलं जमतं.

परवा नाइट करून उतरलो तर
नाक्यापलीकडच्या चहाच्या गाडीवर आप्पा.
धुळ्याहून इतक्या सकाळी, बसनं.
खिशातून मोबाइल काढला, रुमालात गुंडाळलेला.
"इंग्लिशमा काय लिखेल शे, वाच बरं हेमकांत.
घरमा कोनले दखाडं नही."

वाचलं.
आपण ज्या कर्जास जामीन आहात.
शेवटचे चार अंक चव्वेचाळीस एक्काहत्तर.
थकीत सत्तावीस हजार तीनशे अठरा.
सात दिवसांच्या आत.
शेवटची ओळ वाचताना चहावर साय धरली.

मी म्हटलं, "ऑफर आहे आप्पा. बँकेची."

"मंग चांगलंच शे की,"
आप्पांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली.
"मना नातू बारावीले शे.
त्याले बी तुनाच कॉलेजमा टाकानं शे,
हाऊच कर्ज लिसन.
तुनासारखा इंजिनियर करसूत त्याले.
कोनती ब्रँच चांगली रे?"

महामार्गावरून एक कंटेनर गेला, मग दुसरा.
लेन चारमध्ये दिवसपाळीचा पोरगा येऊन बसला होता,
बूम वर, बूम खाली.
आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते,
जसे एकतीस वर्षं बघत आले असतील,
तिकीट काढलं का विचारल्यावर
खिडकीबाहेर बघणाऱ्या माणसाकडे.

मी त्यांच्या हातातून मोबाइल पुन्हा घेतला.
"आप्पा, जरा बसा," म्हटलं,
बाकावरची धूळ हातानं पुसली,
आणि पहिल्या शब्दापासून
मराठीत वाचायला लागलो.